बंद कपाट आणि फाटकी पुस्तकं: प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाबद्दल

प्रश्न: मी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. पहिली ते चौथी, पट ३८. बहुतेक मुलं घरी कन्नड बोलतात. शाळेत कपाटभर पुस्तकं आहेत, पण हरवली तर भरून कोण देणार म्हणून मुख्याध्यापक कपाट उघडू देत नाहीत. अभ्यासक्रमच पुरा होत नाही, तिथं एवढ्या लहान मुलांना ग्रंथालय खरंच लागतं का? शाळेला टॅब मिळालेत, मग पुस्तकं कशाला, असंही पालक विचारतात. ग्रंथालयासाठी ५,००० रुपये आलेत, ते कशावर खर्च करू?

उत्तर:

सर, आधी 'भरून कोण देणार' हे धरते, कारण बाकी सगळं तिथंच अडलंय. मी जिल्हा परिषदेत ३२ वर्षं काढली, सहा शाळा झाल्या. प्रत्येक शाळेत चार्ज घेताना हातात शिक्के पडले, जनरल रजिस्टर पडलं आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली पडली. साठा नोंदवहीतला आकडा आणि कपाटातला आकडा जुळला की सही करायची. ती सही झाली की शिक्षकाचा राखणदार होतो. माझ्या पहिल्या शाळेत मीही चार वर्षं कपाट बंदच ठेवलं होतं. उघडायची ती तपासणीच्या आदल्या दिवशी, फडक्यानं धूळ पुसायला. साहेबांनी शेराही चांगला मारला, 'ग्रंथालय सुस्थितीत आहे.' पाचव्या पावसाळ्यात खालचा अख्खा कप्पा वाळवीनं खाल्ला. मुलांनी दहा वर्षांत फाडली नसती एवढी पुस्तकं दोन महिन्यांत गेली. आणि गंमत बघा, ती निर्लेखित करायला, म्हणजे नोंदवहीतून कमी करायला, कुणीही हरकत घेतली नाही. वाळवी हे कारण सगळ्यांना पटतं, 'मुलांनी वाचून फाडली' हे मात्र पटवावं लागतं.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला, 'पुस्तकं वापरासाठी असतात.' एवढी उघड गोष्ट नियम म्हणून लिहावी लागली, तेव्हा तुमच्या मुख्याध्यापकांना फार दोष देऊ नका. त्यांची भीती खरी आहे. ती घालवायची असेल तर भांडू नका, कागद करा. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ठराव घ्या: पुस्तकं मुलांना घरी द्यावीत, आणि वापरून फाटलेल्या, हरवलेल्या पुस्तकांची यादी दर सत्राच्या शेवटी समितीपुढं ठेवावी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांनीच ठराव केला आणि इतिवृत्तात आला, की जबाबदारी एकट्याच्या मानेवर राहत नाही. निर्लेखनाची पुढची रीत केंद्रप्रमुखांना विचारून घ्या. आणि 'प्राथमिकला काय करायचंय ग्रंथालय' असं कुणी म्हणालंच, तर २००९ च्या त्याच कायद्याच्या परिशिष्टावर बोट ठेवा. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं तिथं लिहिलंय. द्विशिक्षकी शाळेला त्यातून सूट नाही.

आता, खरंच लागतं का? उद्या दुसरीत एक प्रयोग करा. वर्गात सगळ्यात चांगलं वाचणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातला एखादा झालेला धडा वाचायला सांगा. चार ओळी झाल्या की त्याचं पुस्तक अलगद मिटा. बरीच मुलं मिटलेल्या पुस्तकावर नजर ठेवून पुढं 'वाचत' राहतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं, घरी गेल्यावर मात्र झोप लागेना. आपण वर्षभर ज्याला वाचन म्हणत होतो ते पाठांतर होतं. त्यात मुलाचा दोष कसला? भाषेचं एकच पुस्तक हातात, तेच जूनपासून मार्चपर्यंत, तेच सगळा वर्ग एका सुरात म्हणतो. पाठ होणारच.

मराठी वाचायला आपण समजतो तेवढी सोपी नाही. एकट्या 'र'चं बघा. सूर्यातला र डोक्यावर चढतो, प्राण्यातला पायाशी तिरका होतो, ट्रकमधला वेगळाच दिसतो आणि पुऱ्यांमधला आणखी वेगळा. मोठ्यांना हे जाणवत नाही, सात वर्षांच्या पोराला ते चार अनोळखी पाहुणे असतात. ओळख व्हायला ते पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या घरी भेटावे लागतात. अंगणात दोन फेऱ्या मारून सायकल येत नाही (हा बघा, 'फेऱ्या'त आलाच). पाठ्यपुस्तकात तो 'ऱ्य' वर्षभरात किती वेळा येतो ते एकदा मोजा. ज्या मुलानं त्या वर्षी तीसेक चित्रपुस्तकं चाळली, त्याला तो कितीतरी जास्त वेळा भेटलेला असतो, तोही गोष्टीत पुढं काय झालं या ओढीनं. तिसरीत गेल्यावर हा फरक दिसतो. गणितातलं शाब्दिक उदाहरण ज्याला अडखळत वाचावं लागतं, त्याच्या डोक्यात ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात उरत नाही. आपण शेरा मारतो, 'गणितात कच्चा.' निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाची उद्दिष्टं आपण सगळ्यांनी भिंतीवर रंगवून घेतली आहेत, पण मूल भिंतीवरचं एकदाच वाचतं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, नाहीतर वर्षाखेर मला बोल लावाल. ग्रंथालय वाचायला शिकवत नाही. अक्षरं, काना-मात्रा, वेलांटी, उकार हे तुम्हालाच वर्गात शिकवावं लागणार. जे मूल 'क'ला 'फ' म्हणतंय त्याला पुस्तकांच्या ढिगात बसवून काही होत नाही, ते फक्त गप्प बसायला शिकतं. शिकलेलं वाचन अंगात मुरायला मात्र पुस्तकं लागतात, आणि पुरेशी लागतात.

अभ्यासक्रमाचं म्हणाल तर हिशेब करा. पहिली ते पाचवीला कायद्यानं वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन धरलंय. आठवड्याला ४० मिनिटांचा एक तास ग्रंथालयाला दिला आणि सुट्ट्या, कार्यक्रम वजा जाता असे ३५ तास हाती लागले, तर सगळे मिळून घड्याळाच्या २३ तासांच्या आसपास होतात. ८०० मधले २३. एका स्नेहसंमेलनाच्या तयारीत आपण याहून जास्त घालवतो.

तुमच्या मुलांच्या कन्नडबद्दल जरा सविस्तर लिहिते. माझ्या मते ग्रंथालयाची सगळ्यात जास्त गरज तुमच्यासारख्या शाळेलाच आहे, आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथंच होतात. निवृत्तीनंतर मी सोलापूर शहरात पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत आठवड्यातून दोन दिवस पुस्तकं सांभाळते. बरीच मुलं पद्मशाली घरांतली, घरी तेलुगू. एकदा पहिलीतल्या मुलीपुढं चित्र धरलं, भिंतीवर बसलेली मांजर. म्हटलं, काय आहे? ती म्हणाली, "पिल्ली." मी म्हटलं, "पिल्लू नाही गं, मोठी आहे ती." ती पुन्हा "पिल्ली." मी पुन्हा समजावलं. तिसऱ्यांदा तिनं तोंडच मिटलं. मागून चौथीतला एक पोरगा म्हणाला, "बाई, तेलुगूत मांजराला पिल्लीच म्हणतात की ओ." मुलीचं उत्तर बरोबर होतं, चुकत होते मी. पाठ्यपुस्तकाच्या तासाला असं झालं असतं तर मी पुढच्या मुलाकडं वळले असते आणि मला कधी कळलंही नसतं. त्या दिवशी हाती चित्राचं पुस्तक होतं, घाई नव्हती, म्हणून कळलं.

तुमच्याकडं असंच होणार. दुधाचा पेला दाखवलात तर 'हालु' येईल आणि तुम्हाला वाटेल पोरगं हाल झाले म्हणतंय. येऊ द्या. आधी चित्रांवरून गोष्ट त्यांना कन्नडमध्ये सांगू द्या, मग तुम्ही मराठीत वाचा. गोष्ट आधीच कळलेली असली की मराठी शब्द जागेवर जाऊन बसतात. राष्ट्रीय पुस्तक न्यासाची मुलांची पुस्तकं मराठीबरोबर कन्नड, तेलुगू, उर्दूतही निघतात. एकाच गोष्टीच्या दोन भाषांतल्या प्रती मिळाल्या तर दोन्ही घ्या. तुमच्या मुलांना कन्नड लिपी येत नसली तरी घरी एखादे आजोबा किंवा कन्नड शाळेत जाणारा चुलतभाऊ असतो. मराठी प्रत मुलानं वाचायची, कन्नड आजोबांनी. एका शाळेत अशा जोड्यांमुळं आजोबाच शाळेत पुस्तक बदलायला येऊ लागले होते.

तुमच्याच तालुक्यात, भीमा आणि सीना मिळतात तिथं, हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांपैकी एक. त्याची ओळ आहे, 'वाछि तो विजेया होईवा.' जो वाचील तो विजयी होईल. मी चौथीची सहल नेली होती. ओळीचा अर्थ सांगितल्यावर एक मुलगा बराच वेळ अक्षरांकडं बघत राहिला आणि म्हणाला, "पण बाई, हे वाचताच येईना झालंय. मग जिंकायचं कसं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. परत येताना गाडीत मात्र जुनी अक्षरं कशी बदलत गेली यावर तास झाला, न ठरवता.

आता कपाट उघडा आणि सगळी पुस्तकं जमिनीवर काढा. मी पैजेवर सांगते, काय निघेल: थोर पुरुषांची बारीक टायपातली चरित्रं, निबंधमाला, सामान्यज्ञान, शिष्यवृत्तीची जुनी मार्गदर्शकं, कुणीतरी देणगी दिलेले धार्मिक ग्रंथ, आणि शिक्षकांसाठीच्या हस्तपुस्तिका. पहिली-दुसरीच्या मुलाला स्वतः वाचता येईल असं त्यात मूठभर. मुलं वाचत नाहीत असं आपण म्हणतो, पण वाचण्याजोगं तिथं काही नसतं. एका पानावर एखाद-दोन ओळी, मोठं अक्षर, पानभर चित्र, अशी पुस्तकं आधी लागतात. चौथीचं एखादं मूल चरित्र उचलील, त्याला जरूर द्या.

५,००० रुपये सगळे पुस्तकांवरच घाला. नवं कपाट नको, फलक नको, उद्घाटन तर नकोच. पातळ चित्रपुस्तकं घेतलीत तर एवढ्यात बऱ्यापैकी ढीग येतो. मात्र शंभर वेगवेगळी घेऊ नका. जी तुम्हाला स्वतःला वाचून दाखवताना मजा आली त्यांच्या तीन-तीन प्रती घ्या. मुलं मित्राच्या हातात जे असतं तेच मागतात, एकच प्रत असली तर वाचनाऐवजी मारामारी होते. ज्योत्स्ना प्रकाशनाची आणि पुस्तक न्यासाची पुस्तकं स्वतः हाताळून निवडा, यादीवरून मागवू नका. कुणी 'दोनशे पुस्तकांचा संच' घेऊन दारात आला तर चहा पाजून परत पाठवा. एका शाळेत असला संच मी भिडेपोटी घेतला होता. निम्म्या पुस्तकांत उंदीर-सिंहाची तीच गोष्ट निघाली, चित्रं तेवढी वेगळी.

मांडणीत डोकं फार लावू नका. वर्गाच्या भिंतीला मुलांच्या छातीइतक्या उंचीवर सुतळी बांधा, पुस्तकं तिच्यावर उघडी टांगा, मुखपृष्ठ समोर. कण्यावरची नावं ज्याला अजून वाचता येत नाहीत त्याला कपाटातली रांग म्हणजे नुसत्या रंगीत पट्ट्या. पूर्व भागात एका विद्यार्थ्याचे वडील टॉवेलच्या कारखान्यात होते, त्यांनी रिजेक्ट कापड आणून दिलं आणि आईनं खिशांचा पडदा शिवला. दोन वर्षं टिकला. खाली बसायला जुनी सोलापुरी चादर, तिच्याहून चांगली बैठक मी पाहिलेली नाही. अवघड-सोपं कळायला कोपऱ्यात रंगाची टिकली चिकटवा, पण 'तुला हिरवंच घ्यायचं' अशी सक्ती करू नका. अवघड पुस्तक मिरवत घरी नेणं हाही वाचनाचाच भाग आहे.

देवघेव रजिस्टर चौथीच्या मुलांकडं द्या. पुस्तकाचा नंबर, नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, चार रकाने पुरे. शनिवारी सकाळची शाळा सुटताना पुस्तक न्यायचं, पुढच्या शनिवारी बदलायचं. आणि परत आणल्यावर कृपा करून 'तात्पर्य काय?' विचारू नका. सारांश लिहून घेऊ नका, वाचन स्पर्धा लावू नका. आमच्या एका केंद्रात १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला 'सर्वाधिक पुस्तके वाचणारा विद्यार्थी' असं बक्षीस ठेवलं होतं. विजेत्यानं महिन्यात साठ पुस्तकं वाचली होती म्हणे. एकाही पुस्तकातलं त्याला काही सांगता आलं नाही, बिचाऱ्याची चूक नव्हती. मी एवढंच विचारायची, 'हे आता कुणाला द्यायचं?' मूल कुणाचं तरी नाव घेतं आणि का ते आपणहून सांगतं.

रोज दहा मिनिटं तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचून दाखवा. परिपाठातला सुविचार एखाद्या दिवशी राहिला तर आभाळ कोसळत नाही. पहिली ते चौथी एकत्र बसवली तरी चालतं, द्विशिक्षकी शाळेचा हा एक फायदाच आहे.

पुस्तक घरी गेल्यावर काय होतं, हे मला फार उशिरा कळलं. पूर्व भागात विडीकाम करणाऱ्या घरी गेले होते. तिसरीतल्या मुलीनं नेलेलं पुस्तक तीन आठवडे परत आलं नव्हतं, ते मागायला. आई सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत बसलेली, शेजारच्या दोघी सोबतीला, आणि मुलगी मध्ये बसून मोठ्यानं वाचत होती. एक ओळ मराठीत वाचायची, लगेच तेलुगूत सांगायची. आई म्हणाली, "हात गुंतलेत, कान मोकळेच की. रोज वाचायलीय." हातात पुस्तक धरायला सवड नसलेल्या तीन बायका त्या एका पुस्तकाच्या वाचक होत्या, आणि माझ्या रजिस्टरमध्ये लाल शाईनं 'थकीत' लिहिलेलं. मी तशीच परत आले.

फाटणार, हे धरून चला. माझ्या एका शाळेत पहिल्या वर्षी अकरा पुस्तकं हरवली, दुसऱ्या वर्षी चार. सेलोटेप वापरू नका, वर्षभरात ती पिवळी पडून पान कडक होतं आणि तिथंच तुकडा पडतो. पांढरा गोंद आणि पातळ कागदाची पट्टी लावा. पिना गंजायच्या आत काढून मध्यभागी सुईदोऱ्यानं टाके घाला, मुलांना हे काम भारी आवडतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही कमी लागतील. आणि दिवाळीनंतर कुणी मूल आईबापांबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणार असेल, तर पिशवीत चार पुस्तकं घालून द्या. ती परत येतीलच असं नाही. मी दिलेल्या एका पिशवीतलं एकच परत आलं, ऊसाच्या चिपाडाचा वास असलेलं, आणि सोबत मूलही परत शाळेत आलं. त्यात पुस्तकाचा वाटा किती होता ते मला सांगता येणार नाही.

टॅबबद्दल पालकांना नाही म्हणू नका. आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं. लोक त्यांचं नाव घेऊन मला सांगतात, बाई, आता पुस्तकांचा जमाना गेला. मी म्हणते, तो कोड कशावर छापला होता? टॅबचा खरा उपयोग तुम्हाला पुस्तकं वाढवायला होईल. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड दोन्हीत चित्रगोष्टी मोफत मिळतात, उतरवून छापताही येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर आहेत, चौथीला चालतील. टॅबवर आठ मुलं मान घालून बसतात आणि बटण दाबणारा एकच असतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. घरी फोन बापाबरोबर कामावर जातो आणि रात्री नऊला येतो. पुस्तक तोवर चुलीजवळ वाचून होतं.

खरेदीच्या आधी एक करा. कपाटातली पुस्तकं काढलीत की पहिली-दुसरीच्या मुलाला स्वतः वाचता येतील अशी किती निघतात ते मोजून मला कळवा. सोबत वर्गवार पट आणि कन्नड बोलणारी मुलं किती तेही लिहा. मग ५,००० मधले किती पहिलीला घालायचे आणि जोडीच्या प्रती कुठल्या घ्यायच्या, याची यादी मी करून देईन.